दहा मीटरवरचे बटण

बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातील नेमबाजीच्या रेंजवर सकाळी पाऊल ठेवले की आधी जाणवते ती तेथील शांतता. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी हे संकुल उभे राहिले, २००८ मध्ये येथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, आणि पुण्यात रेल्वेची नोकरी सांभाळून येथे सराव करणाऱ्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. ते पदक रायफलचे होते. आज आपण पाहणार आहोत दहा मीटर एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या पिस्तुलाने दहा मीटरवरच्या लक्ष्याचा वेध घेण्याचा प्रकार.

समोरच्या लक्ष्यावर 'दहा' गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढा असतो. नेमबाजाने पिस्तूल एकाच हातात धरायचे, मनगटाला कसलाही आधार घ्यायचा नाही, आणि ७५ मिनिटांत ६० वेळा त्या बटणाचा वेध घ्यायचा.

येथे सरावाला आलेली ही अकरावीतली मुलगी पाहा. तिने पाय खांद्याएवढ्या अंतरावर ठेवले आहेत आणि डावा हात खिशात घातला आहे. डोळे मिटून ती पिस्तूल उचलते, मग डोळे उघडते. पिस्तूल लक्ष्याच्या किंचित उजवीकडे रोखलेले दिसताच ती मनगट न वळवता मागचा पाय बोटभर सरकवते, कारण मनगटाने केलेली दुरुस्ती दमलेल्या हाताला शेवटच्या वीस नेमांपर्यंत टिकवता येत नाही.

आता पिस्तुलाच्या टोकाकडे पाहा. ते हलते आहे. जगातल्या कोणत्याही नेमबाजाचा हात पूर्ण स्थिर राहत नाही, आणि सुदैवाने तो तसा राहण्याची गरजही नसते. संपूर्ण हात एक मिलिमीटर सरकला, तर छर्राही लक्ष्यावर एकच मिलिमीटर सरकतो. मात्र नेम जुळवण्यासाठी पिस्तुलावर पुढे-मागे असलेल्या दोन खुणांपैकी, म्हणजे साइटपैकी, पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत एक मिलिमीटर कलली, तर दोन्ही साइटमधले अंतर सुमारे ३३ सेंटीमीटर असल्याने दहा मीटरवर तीच चूक ३० मिलिमीटरची होते आणि दहाचा नेम सातवर जातो. म्हणूनच नजर पुढच्या साइटवर खिळवायची आणि लक्ष्याचा काळा गोल धूसर दिसू द्यायचा. हे पटायला नवशिक्याला फार जड जाते, कारण ज्यावर नेम धरायचा तेच स्पष्ट दिसावे, असे मन सारखे सांगत राहते.

खरा घात होतो तो ट्रिगरवर. हलती साइट नेमक्या जागी आली असे वाटताच मन 'आत्ताच!' म्हणून ओरडते, बोट झटका देते, त्याबरोबर सारी मूठ आवळली जाते, आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचा छर्रा बहुधा डावीकडे खाली लागतो. ट्रिगरचा भार नियमानुसार किमान ५०० ग्रॅम असतो. तो बोटाच्या पहिल्या पेराने सरळ मागे, एकसारखा वाढवत न्यायचा आणि हात हलत असतानाच नेम सुटू द्यायचा. आमच्या मते या खेळातले सर्वांत कठीण शिक्षण हेच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्याच्या जलद फेरीत हात उचलून नेम सोडायला अवघे तीन सेकंद मिळतात. तेथे बोटाला विचार करायला सवड नसते. जे अंगवळणी पडलेले असेल, तेच होते.

ही सवय लागते ती बहुतांशी छर्ऱ्याविना. या मुलीच्या सरावाचा मोठा भाग 'ड्राय'चा, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा असतो. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री दोनदा करून ती कोऱ्या पांढऱ्या कागदासमोर उभी राहते. कागदावर काळा गोल नसल्यामुळे नजरेला पुढच्या साइटखेरीज दुसरे काही उरत नाही, आणि ट्रिगर सुटताना साइट जराही हलली तर ते लगेच दिसते. नेम धरून आठ-दहा सेकंद झाले, तरी ट्रिगरवर बोटाचा दाब वाढत नसेल, तर ती हात खाली घेते. हात खाली घेणे हादेखील सरावाचाच भाग आहे.

आता छर्रा भरलेला आहे. नेम सुटतो, हात क्षणभर तसाच वर राहतो. मॉनिटरकडे न पाहता ती आधी वहीत लिहिते : 'डावीकडे खाली, आठ.' मग ती मान वर करते. पडद्यावर, डावीकडे खाली, आठ.