खरं-खोटं विचारायचं कुणाला?

(दृश्य : साक्रीहून पिंपळनेरकडे जाणारा रस्ता. पावसाळ्याची सुरुवात. एसटीच्या खिडकीतून डोंगर.)

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार भरला होता. एसटीतून पाच जण उतरले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. पाचातले बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, आणि तेवढं पुरलं. मुलं पळवणारी टोळी आली, अशी आवई उठली. बाजारातली माणसं धावून आली. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेपर्यंत मारलं. मारहाण चालू असताना काही जण फोनवर शूटिंग करत होते. आधी अफवा ज्या फोनांवरून फिरली, त्याच फोनांवरून मग हे व्हिडिओ फिरले.

ही आवई बाजारात जन्मली नव्हती. आधीचे कित्येक दिवस या पट्ट्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरत होते. टोळी आली आहे, मुलं उचलतात, किडन्या काढतात, सावध राहा, पुढे पाठवा.

(दृश्य : फोनचा पडदा. बोट वर सरकतं. एकाखाली एक मेसेज.)

हे मेसेज जरा जवळून पाहू. कधी घडलं? ‘काल’. कुठे? ‘शेजारच्या तालुक्यात’. हे दोन शब्द असे आहेत, की मेसेज कुठल्याही गावात, कुठल्याही दिवशी उघडला तरी ताजाच वाटतो. गावाचं नाव नाही, पोलीस ठाण्याचं नाव नाही. खाली पाठवणाऱ्याची सही नाही, म्हणजे खोटं निघालं तर जाब विचारायला माणूसही नाही.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एकात मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. हा व्हिडिओ मुळात कराचीतला. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जनजागृतीसाठी बनवलेला. मूळ व्हिडिओत शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांसाठी सूचना दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. एवढीच काय ती कारागिरी! कॉम्प्युटरवर चेहरे बदलायला नकोत की आवाज बनवायला नको. शेवटचे काही सेकंद उडवले, की जनजागृतीचं भीती पसरवण्याचं हत्यार होतं.

राईनपाड्यानंतर हालचाल झाली. मेसेज दुसऱ्याकडून आलेला असेल तर तसा शिक्का व्हॉट्सअ‍ॅपवर दिसू लागला. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे ढकलता येईल, अशी मर्यादा आली. कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. यातलं काहीच वाईट नव्हतं. पण गावकऱ्याचा प्रश्न यातून सुटत नाही. मेसेज दुसऱ्याकडून आलाय, हे कळलं. तो खरा की खोटा, हे कसं कळायचं?

(दृश्य : केरळमधला शाळेचा वर्ग. फळा, बाकं, मुलं.)

केरळच्या कन्नूर जिल्ह्याने याला शाळेतून भिडायचं ठरवलं. २०१७ मध्ये तिथे गोवर-रुबेलाच्या लसीबद्दल इतक्या अफवा उठल्या, की पालक मुलांना लस द्यायला तयार होईनात. तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी पुढच्या वर्षी दीडशेच्या आसपास सरकारी शाळांमध्ये ‘सत्यमेव जयते’ नावाने तास सुरू केले. आधी शिक्षकांना शिकवलं, मग शिक्षकांनी मुलांना. मथळा भडक का असतो? आपल्याला पटणारंच फोन पुन्हा पुन्हा का दाखवतो? पुढे पाठवण्याआधी काय तपासायचं? गणित-विज्ञानाच्या वेळापत्रकात हा विषय बसवणं सोपं नव्हतं, पण बसवला.

असे तास महाराष्ट्रातही व्हायला हवेत, याबद्दल दुमत नको. मात्र अशा कार्यक्रमांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. मुलांना सांगतात, दुसरीकडे पडताळून बघा. दिल्लीचा नेता काय बोलला, मुंबईत काय घडलं, हे पडताळायला दहा ठिकाणं आहेत. ‘शेजारच्या तालुक्यात काल मूल पळवलं’ हे कुठे पडताळायचं? त्यासाठी शेजारच्या तालुक्यात कुणीतरी असायला हवं, जो ठाणेदाराला फोन करेल, त्या पाड्यावर जाऊन येईल आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच्या नावानिशी लिहील, की असं काही घडलेलं नाही. घडलं नाही, हीसुद्धा बातमीच आहे. फक्त ती आणायला पेट्रोल तेवढंच लागतं.

(दृश्य : तालुक्याचं गाव. झेरॉक्सचं दुकान, भिंतीवर वर्तमानपत्राची पाटी. चौकात नेत्यांचे फ्लेक्स.)

आपल्याकडे तो ‘कुणीतरी’ म्हणजे तालुका वार्ताहर. याचं पोट कशावर चालतं, हे शहरातल्या वाचकाला सहसा माहीत नसतं. मानधन मिळालंच तर नावापुरतं. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. दिवाळी, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, आणि सगळ्यांत मोठा सण म्हणजे नेत्याचा वाढदिवस. पुरवणी निघते. वार्ताहर पावतीपुस्तक घेऊन सरपंच, बाजार समितीचे संचालक, ठेकेदार, शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष यांच्या दारात जातो आणि ‘शुभेच्छुक’ म्हणून त्यांचे फोटो गोळा करतो. आता याच ठेकेदाराने बांधलेला पूल पहिल्या पावसात खचला, तर बातमी किती कॉलमची होईल?

काही जण तरीही लिहितात, आणि पुढच्या पुरवणीला त्यांचं पावतीपुस्तक कोरं राहतं. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं, म्हणून आपण त्या दिवशी पत्रकार दिन साजरा करतो. बऱ्याच तालुक्यांत तेव्हा शाल-श्रीफळ देणारे हात हेच पुरवणीतले शुभेच्छुक असतात. कार्यक्रमाची बातमी मात्र न चुकता येते.

(दृश्य : बुंदेलखंड. उन्हात हापशावर रांग. खांद्याला झोळी लावलेली बाई हातात फोन धरून चालते आहे.)

उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट जिल्ह्यात २००२ मध्ये ‘खबर लहरिया’ हे वर्तमानपत्र सुरू झालं. दिल्लीच्या निरंतर या संस्थेने साक्षरतेचं काम करता करता त्याला हात दिला. बातम्या आणणाऱ्या, लिहिणाऱ्या सगळ्या बायका. बऱ्याचशा दलित, काही मुस्लिम, आदिवासी, इतर मागास समाजातल्या. काही जणी तर मोठेपणी अक्षर शिकलेल्या. भाषा बुंदेली, गावात बोलतात तीच. अंक छापून आला, की याच बायका बसने, पायी, गावोगाव जाऊन तो विकत. म्हणजे ज्या हापशाची बातमी लिहिली, त्याच हापशावर जाऊन अंक विकायचा! चुकीचं लिहिलं असेल तर तिथेच चार बायका ऐकवणार. वाचकाच्या इतक्या जवळ बसलेला संपादक शहरात मिळणं कठीण.

विषय तसे साधे. हापसा, रेशन, रस्ता, शाळा. पण वाळू उपशाची, अत्याचाराची बातमी आणायला बाई पोलीस ठाण्यात गेली, की आधी तिला ‘तू कोण?’ इथपासून सुरुवात. २०१५ मध्ये एका माणसाने या बातमीदार बायकांना कित्येक महिने फोनवरून अश्लील धमक्या दिल्या. तक्रारीला दाद मिळेना. शेवटी त्यांनी स्वतःचीच बातमी जाहीरपणे मांडली, बोभाटा झाला, तेव्हा कुठे पोलीस हलले आणि तो माणूस पकडला गेला.

२००९ मध्ये युनेस्कोचा किंग सेजोंग साक्षरता पुरस्कार ‘खबर लहरिया’ला मिळाला. नंतर छपाई थांबली आणि काम मोबाइलवरच्या व्हिडिओंकडे वळलं. अफवा ज्या पडद्यावर येते, त्याच पडद्यावर आता त्यांची बातमी येते, खाली नाव आणि गावासकट. यांच्यावर निघालेला एक माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला, तेव्हा सगळीकडे कौतुक चाललेलं असताना या बायकांनीच निवेदन काढलं, की त्यात आमचं काम अर्धवट दाखवलंय. हातात कॅमेरा असलेल्या आम्हा मंडळींना हा टोला बसायलाच हवा होता.

पैशाचा प्रश्न मात्र त्यांनाही सुटलेला नाही. सुरुवातीची वर्षं देणग्यांवर गेली. अशा कामाला पैसा आणायचा कुठून? परदेशी देणग्यांच्या कायद्याने वर्तमानपत्रांना आणि बातम्या देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक माध्यमांना परदेशी देणगी घेता येत नाही. परक्याच्या पैशावर आपल्याकडच्या बातम्या ठरू नयेत, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण तो रस्ता बंद, सरकारी जाहिरात सरकारच्या मर्जीवर, खासगी जाहिरात ठेकेदाराच्या. उरतात देशातले देणगीदार आणि वर्गणी भरणारा वाचक. २०१५ मध्ये काही भारतीय दानशूरांच्या पैशातून बंगळुरूला अशा माध्यमांसाठी एक निधी उभा राहिला. त्याची मदत अनेक डिजिटल माध्यमांना झाली. साक्रीतल्या किंवा राजापुरातल्या एकट्या वार्ताहरापर्यंत असा निधी पोचण्याची वाट अजून तयार झालेली नाही.

(दृश्य : मुंबई-गोवा महामार्ग, राजापूरजवळ. वाहनं भरधाव जातात.)

राजापूर. शशिकांत वारिशे, ‘महानगरी टाइम्स’चे पत्रकार. बारसूच्या प्रस्तावित रिफायनरीबद्दल, तिथल्या जमिनींबद्दल ते सातत्याने लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ च्या अंकात त्यांनी रिफायनरीच्या एका समर्थकाबद्दल बातमी दिली. त्याच दिवशी महामार्गावर एका मोठ्या गाडीने त्यांच्या दुचाकीला धडक देऊन फरपटत नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्याबद्दल सकाळी बातमी छापून आली होती, त्यालाच पोलिसांनी अटक केली. खुनाचा गुन्हा दाखल झाला, राज्यभर पत्रकार रस्त्यावर उतरले, तपासासाठी विशेष पथक नेमलं गेलं.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे. २०१७ मध्ये विधिमंडळाने तो एकमुखाने मंजूर केला. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नुकसानभरपाईची तरतूद त्यात आहे. अशा कायद्यासाठी पत्रकार संघटनांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली होती. मात्र पत्रकार म्हणजे कोण, याची व्याख्याही त्यात आहे. पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आणि माध्यमसंस्थेने ज्याला नियमित किंवा कंत्राटी नेमलं आहे, तो. तालुका वार्ताहराच्या खिशात बहुतेक वेळा वर्तमानपत्राचं ओळखपत्र आणि जाहिरातीचं पावतीपुस्तक असतं. नेमणुकीचा कागद नसतो. घर चालवायला तो किराणा दुकान, विम्याची एजन्सी नाहीतर शेती करत असतो.