इंग्लिश बॅलेची पहिली जिझेल

इंग्लिश बॅलेचं श्रेय बहुतेक वेळा निनेट द व्हाल्वा यांच्या पदरात पडतं, आणि ते रास्तच आहे. शाळा त्यांनी काढली, मंडळी त्यांनी जमवली, आजचं रॉयल बॅले त्यातूनच उभं राहिलं. पण नुसत्या संस्थेनं बॅले होत नाही, नाचणारी लागते. म्हणून आज मी बोलणार आहे अलिसिया मार्कोव्हाबद्दल.

ही पक्की लंडनची. जन्म 1910 चा, नाव लिलियन अलिसिया मार्क्स. लहानपणी पाय अशक्त, तळवे सपाट. व्यायाम म्हणून तिला नाचाच्या वर्गात घातलं. चौदाव्या वर्षी रशियन बॅले-संयोजक डियागिलेव्हनं तिला आपल्या ‘बॅले रूस’ या कंपनीत घेतलं आणि मार्क्सची मार्कोव्हा करून टाकली. बॅले म्हणजे रशियनांचा प्रांत, असं खुद्द लंडनकरच धरून चालले होते. इंग्लिश आडनाव तिकीटबारीवर चालायचं नाही!

1929 मध्ये डियागिलेव्ह गेला, कंपनी मोडली. मार्कोव्हा लंडनला परतली ती अठराव्या वर्षी. पुढे नृत्यशिक्षिका मारी राम्बेर यांच्या नॉटिंग हिलमधल्या इवल्याशा रंगमंचावर ती नाचली. नृत्यरचनाकार फ्रेडरिक ॲश्टन तेव्हा नवखा होता. अशी तयारीची नर्तिका हाताशी असल्यामुळेच त्याच्या रचनांना धार आली, असं माझं मत आहे.

आता मुख्य गोष्ट. निकोलाय सर्गेयेव्ह या रशियन गृहस्थांनी पीटर्सबर्गहून बाहेर पडताना तिथल्या अभिजात बॅलेंच्या नोंदवह्या बरोबर आणल्या होत्या. कुठला पाय कधी, कुठल्या दिशेला, सगळं खुणांच्या लिपीत. द व्हाल्वा यांनी त्यांना बोलावलं. पण वह्या असून काय उपयोग? त्या नाचून दाखवणारी कोण? 1 जानेवारी 1934 ला लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात द व्हाल्वा यांच्या कंपनीकडून मार्कोव्हा ‘जिझेल’ या बॅलेत त्याच नावाची नायिका म्हणून नाचली, जोडीला नर्तक अँटन डोलिन. ही भूमिका करणारी पहिली इंग्लिश नर्तिका ती. त्याच वर्षी सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात अख्खं ‘स्वान लेक’ही झालं.

‘जिझेल’चा दुसरा अंक फार अवघड. नायिका मेलेली असते, म्हणजे अंगाला वजन दिसताच कामा नये. उंच उडी एक वेळ जमते. उतरताना आवाज न होऊ देणं ही खरी परीक्षा. पायाच्या बोटांच्या टोकावर नाचण्यासाठीच्या पॉइंट शूजचं टोक कडक असतं, फळ्यांवर ते खटकन वाजतं. उतरताना आधी बोटं, मग चवडा, मग टाच, असा पाय उलगडत टेकवावा लागतो, आणि चेहऱ्यावर त्या कष्टाचा मागमूस नको. मार्कोव्हाचं नाव झालं ते या अलगदपणामुळे. पल्लेदार, दणदणीत नाच हा तिचा पिंडच नव्हता.

1935 मध्ये मार्कोव्हा द व्हाल्वा यांची कंपनी सोडून गेली आणि डोलिनबरोबर स्वतःची मंडळी काढून गावोगाव हिंडली. लंडनबाहेरच्या किती लोकांनी बॅले पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा! इकडे द व्हाल्वा यांनी बाहेरून तारका आणली नाही. मार्कोव्हाच्या भूमिका घरच्याच मुलींमध्ये वाटल्या गेल्या. त्यांतली एक होती मार्गो फाँटेन. 1937 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ती जिझेल झाली. मार्कोव्हा थांबली असती तर फाँटेनला इतक्या लवकर वाव मिळाला असता, असं मला वाटत नाही.

मार्कोव्हानं पुढे अमेरिका गाजवली आणि 1950 मध्ये डोलिनबरोबर लंडनमध्ये फेस्टिव्हल बॅले काढलं. तिथंही ती फार काळ रमली नाही. ती मंडळी मात्र टिकली. आज तिलाच इंग्लिश नॅशनल बॅले म्हणतात.