नाव आणि नावं

श्रोतेहो, नमस्कार.

मराठीत एका अनुस्वारानं केवढा फरक पडतो पाहा. नाव ठेवणं म्हणजे बारसं. आणि नावं ठेवणं म्हणजे... ते आपल्या सगळ्यांनाच छान जमतं! दक्षिण इटलीतल्या ज्या मुलखाबद्दल आज बोलणार आहे, त्याच्या वाट्याला दोन्ही आलं, आणि ठेवणारे बहुतेक वेळा बाहेरचे होते.

इटलीचा नकाशा बुटासारखा, हे शाळेत ऐकलेलं असतंच. टाचेला पुल्या, चवड्याला कालाब्रिया आणि दोन्हींच्या मधे जी कमान उरते, ती बाझिलिकाता. क्षेत्रफळ सुमारे १०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या सातारा जिल्ह्याएवढं. पण साताऱ्यात २०११ च्या जनगणनेत ३० लाख माणसं मोजली गेली. इथे साडेपाच लाखही नाहीत. शंभरातले ४७ हिस्से डोंगर, ४५ हिस्से टेकड्या, सपाटी उरते फक्त ८. ब्रादानो, बाझेन्तो, कावोने, आग्री आणि सिन्नी या पाच नद्या शेजारी शेजारी वाहत आयोनियन समुद्राला मिळतात. मातीचे उतार पावसात घसरतात. खालच्या सखल भागात हिवताप, वर डोंगरमाथ्यावर बोचरा वारा. लोकांनी वारा पत्करला, म्हणून गावं उंचावर.

प्राचीन काळी इथे लुकानी नावाचे लोक राहत, त्यांच्यावरून लुकानिया. किनाऱ्यावर ग्रीकांच्या वसाहती होत्या. त्यांतल्या मेतापोन्तोच्या नाण्यांवर जवाचं कणीस असे, त्यावरूनच तिथल्या पिकाची कल्पना यावी. इ.स.पू. २८० मध्ये याच किनाऱ्यावर हेराक्लेआपाशी पिऱ्हस हा ग्रीक राजा रोमनांशी लढला आणि त्यानं हत्ती आणले. रोमन शिपायांनी तसला प्राणी पूर्वी पाहिलेलाच नव्हता. त्यांनी त्याला नाव दिलं, ‘लुकानियाचा बैल’! हत्ती समुद्रापलीकडून आलेला, बैल तर नव्हेच, आणि नाव मात्र लुकानियाचं. लॅटिन भाषेत तो शब्द पुढेही टिकला.

मध्ययुगात बायझन्टाइन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्याचे अंमलदार आले. त्या अंमलदाराला ग्रीकमध्ये ‘बाझिलिकोस’ म्हणत, त्यावरून बाझिलिकाता. थोडक्यात, मामलेदाराचा मुलूख. नंतर फ्रान्समधले नॉर्मन सरदार आले. १२३१ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं इथल्याच मेल्फीच्या किल्ल्यातून आपल्या सिसिलीच्या राज्यासाठी कायद्यांची संहिता जाहीर केली. मग १९३२ मध्ये मुसोलिनीच्या सरकारला रोमन वैभवाची हुक्की आली आणि पाटीवर पुन्हा लुकानिया लागलं. युद्धानंतरच्या राज्यघटनेत परत बाझिलिकाता.

नावं बदलत होती, तशी माणसं गाव सोडत होती. १९०२ मध्ये पंतप्रधान झानार्देल्ली या भागाच्या दौऱ्यावर आले. मोलितेर्नो गावच्या महापौरांनी त्यांचं स्वागत केलं ते असं : आठ हजार गावकऱ्यांच्या वतीनं आपलं स्वागत, त्यांपैकी तीन हजार अमेरिकेला गेलेत आणि उरलेले पाच हजार जायच्या तयारीत आहेत. याला स्वागत म्हणायचं की फिर्याद, तुम्हीच ठरवा.

आता मातेरा शहराकडे येतो. तिथल्या खोल घळीच्या कडेवर मऊ, चुनखडी जातीचा खडक आहे. तो खोदून लोकांनी घरं केली आणि निघालेल्या दगडाच्याच चिऱ्यांनी दर्शनी भिंती बांधल्या. या वस्तीला ‘सास्सी’ म्हणतात, म्हणजे नुसतं ‘दगड’. एकाचं छप्पर ही वरच्याची वाट. पावसाचं पाणी पन्हळींतून खडकातल्या टाक्यांत उतरवायचं. चार-सहा घरांत मिळून एक अंगण, तिथेच टाकं, तिथेच शेजाऱ्यांचा दिवस. बांधणी अडाणी मुळीच नव्हती. बिघडलं ते नंतर, माणसं वाढली तेव्हा. गोठे आणि पाण्याची टाकीसुद्धा राहायला घेतली गेली. एका अंधाऱ्या खोलीत आईबाप, पोरं, कोंबड्या आणि मागच्या बाजूला खेचर. खेचर बाहेर ठेवणं परवडणारं नव्हतं, कारण ते गेलं की शेतीच गेली.

१९४८ मध्ये कम्युनिस्ट नेते तोल्याती यांनी मातेराला ‘राष्ट्रीय लाज’ म्हटलं. १९५० मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी पाहून गेले आणि १९५२ च्या कायद्यानं सास्सी रिकामी करायचं ठरलं. सुमारे १५,००० माणसं टप्प्याटप्प्यानं नव्या वसाहतींत गेली. नळ आला, खिडकी आली, उजेड आला. हे थोडं नव्हे, आणि लांबून हळहळणाऱ्यांनी ते विसरू नये. पण शेजारचं अंगण गेलं. ला मार्तेल्ला या नव्या गावाची आखणी करताना वास्तुरचनाकारांनी तो शेजार पुन्हा जुळवून पाहायचा प्रयत्नही केला होता.

सास्सी मग ओस पडलं. आणि १९९३ मध्ये युनेस्कोनं त्याच ‘लाजे’ला जागतिक वारसा ठरवलं! २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी होती. खेचराच्या जागी आता पाहुण्याचा पलंग आहे, आणि एका रात्रीचं भाडं ऐकून जुन्या रहिवाशानं कपाळावर हात मारून घ्यावा.

सरकारी कागदावर आज नाव बाझिलिकाता आहे. पण तिथल्या माणसाला विचारलंत, तर तो सांगतो, मी लुकानो.

नमस्कार.