शुक्रवारचा पट: टेक्ससमधल्या शाळा फुटबॉलची गटवारी कशी होते

(दृश्य: सकाळचं शाळेचं कार्यालय. पडद्यावर वर्गवार हजेरीचा तक्ता. खिडकीबाहेर मैदानावर चुन्याचे पट्टे मारण्याचं काम चालू.)

ऑक्टोबरचा शेवटचा शुक्रवार. आज रात्री साडेसातला या मैदानावर सामना आहे. बँडचं वादन असेल, गाव लोटेल. पण या शाळेच्या फुटबॉलचं पुढच्या दोन वर्षांचं भवितव्य ठरतंय ते आत्ता, या कार्यालयात. इथे एक आकडा भरला जातोय: नववी ते बारावीचा आजचा पट.

टेक्ससमध्ये याला 'स्नॅपशॉट डे' म्हणतात. दर दोन वर्षांनी या दिवसाचा आकडा युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीगकडे जातो. सगळे तिला यूआयएल म्हणतात. ही संस्था ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाशी जोडलेली आहे आणि राज्यातल्या सरकारी शाळांच्या स्पर्धा तीच चालवते. आलेल्या आकड्यांवरून कोणती शाळा कोणत्या गटात आणि कोणाशी खेळणार, हे ठरतं.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांनी एक गोष्ट आधी बाजूला ठेवावी. आपल्याकडे शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जातात आणि गट पडतात वयाचे: चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील. शाळेत दोनशे मुलं आहेत की तीन हजार, हे तिथे कोणी विचारत नाही. टेक्ससमध्ये आधी तेच विचारतात. इथल्या 'डिस्ट्रिक्ट'चा महसुली जिल्ह्याशी काही संबंध नाही. जवळपास सारख्या पटाच्या, त्यातल्या त्यात शेजारच्या पाच ते नऊ शाळांची ती एक साखळी असते. आणि फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड चढवून खेळायचा.

(दृश्य: पडद्यावर सहा पायऱ्यांचा आलेख.)

गट सहा आहेत. १ए सगळ्यांत लहान, ६ए सगळ्यांत मोठा. २०२४-२६ या चक्रासाठी पट २२७५ किंवा त्याहून जास्त असेल तर शाळा ६ए. १३१५ ते २२७४ असेल तर ५ए. ५४५ ते १३१४ म्हणजे ४ए. तिथून खाली उतरत १०५पेक्षा कमी पट असलेल्या शाळा १ए मध्ये. मोजणी नववी ते बारावीच्या सगळ्या मुलामुलींची. संघात जवळपास सगळे मुलगे असतात, तरी मुलीही मोजायच्या.

इमारतीही पाहायच्या नाहीत. डॅलसच्या उत्तरेला प्लेनो आहे, तिथे मराठी घरं बरीच आहेत. तिथल्या सीनियर हायस्कूलमध्ये फक्त अकरावी-बारावी भरते, नववी-दहावीच्या शाळा वेगळ्या. गटवारीत मात्र चारही इयत्ता एकत्र धरतात. नाहीतर अर्ध्या पटावर मोठी शाळा लहान गटात जाऊन बसली असती.

आता या रेषा येतात कुठून? त्या कायमच्या आखलेल्या नाहीत, आणि पालकांचा गोंधळ नेमका इथेच होतो. सगळे आकडे जमा झाले की यूआयएल शाळा पटानुसार उतरत्या क्रमाने लावते आणि वरच्या गटात अंदाजे अडीचशेच्या आत शाळा राहतील अशा बेताने रेष ओढते. राज्याची लोकसंख्या वाढत गेली, मोठ्या शाळा आणखी फुगत गेल्या, म्हणून २०२४ पर्यंत रेषही वर सरकत गेली. ६ए ची रेष २०१४ मध्ये २१०० वर होती. मग २१५०, २१९०, २२२०, २२२५ आणि २०२४ मध्ये २२७५.

यातून काय घडतं पाहा. समजा एका शाळेचा पट २२४० आहे. २०२२ मध्ये ती ६ए मध्ये होती. दोन वर्षांत एक मूल वाढलं नाही, एक कमी झालं नाही. २०२४ मध्ये ती ५ए मध्ये आली. शाळा जागच्या जागी, रेष तेवढी वर गेली. गावात मात्र चर्चा अशी की आपली शाळा 'उतरली'.

दुसरी खोच आहे काळाची. २७ ऑक्टोबर २०२३ ला मोजलेला पट २०२४ आणि २०२५ अशा दोन हंगामांना लागू झाला. डॅलस किंवा ह्यूस्टनच्या कडेला, जिथे दर महिन्याला नव्या घरांच्या रांगा उभ्या राहतात, तिथल्या शाळेत दोन वर्षांत शेकड्यांनी मुलं वाढतात. कागदावर ती जुन्याच आकड्याची राहते. मधल्या काळात नवी शाळा उघडणार असेल तर अंदाजी आकडे द्यावे लागतात, आणि अंदाज चुकला तरी दोन वर्षं तसंच निभवायचं.

(दृश्य: ॲलनचं प्रचंड स्टेडियम. मग फ्रिस्कोतल्या एकासारख्या एक शाळांच्या इमारती.)

प्लेनोच्या शेजारच्या दोन शहरांनी यातून दोन अगदी वेगळ्या वाटा काढल्या. ॲलनने एकच हायस्कूल ठेवलं. पट पाच हजारांच्या वर, आणि २०१२ मध्ये उघडलेलं अठरा हजार प्रेक्षकांचं, सहा कोटी डॉलरचं स्टेडियम. काँक्रीटला तडे गेले म्हणून ते २०१४ मध्ये बंद करावं लागलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा उघडलं, हे जाता जाता. फ्रिस्कोने उलटं केलं. एक शाळा साधारण एकवीसशे मुलांची झाली की पुढची बांधायची. असं करत बारा हायस्कुलं झाली. म्हणून शहर मोठं असूनही तिथल्या शाळा ५ए मध्ये खेळतात. ॲलनमध्ये शेकडो मुलांतून एक संघ निवडला जातो, फ्रिस्कोत बारा क्वार्टरबॅकना, म्हणजे चेंडू फेकून संघाचा डाव चालवणाऱ्या मुलांना, संधी मिळते. मैदानं मात्र वाटून घ्यावी लागतात, त्यामुळे काही सामने गुरुवारी होतात.

गट ठरले की गटाचे दोन भाग पडतात: डिव्हिजन वन आणि डिव्हिजन टू. ५ए पासून खाली हे विभाजन हंगामाआधीच होतं. जास्त पटाच्या शाळांचे डिस्ट्रिक्ट वेगळे, कमी पटाच्या शाळांचे वेगळे. ६ए चा प्रकार निराळा आहे आणि तो सावकाश समजून घ्यायला हवा.

६ए मध्ये ३२ डिस्ट्रिक्ट. साखळीत सगळे एकत्र खेळतात. प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून चार संघ बाद फेरीत जातात. समजा त्या चौघांचे पट ३४००, २९००, २६०० आणि २३०० आहेत. पहिले दोन डिव्हिजन वनमध्ये, उरलेले दोन डिव्हिजन टूमध्ये. साखळीत पहिलं कोण आलं याचा या वाटणीशी संबंध नाही. २३०० वाला अपराजित असला तरी तो टूमध्येच. क्रमांक कामाला येतो तो वाटणीनंतर: आपल्या डिव्हिजनमधल्या दोघांत जो साखळीत वर, तो अग्रमानांकित. १२८ संघ, प्रत्येक डिव्हिजनमध्ये ६४, म्हणजे विजेतेपदापर्यंत सहा सामने.

परिणाम असा की चौथ्या जागेवर कोण येतो यावरून पहिल्या संघाची डिव्हिजन बदलू शकते. आपल्याहून मोठी शाळा आत आली की आपण टूमध्ये, लहान आली की वनमध्ये. म्हणून शेवटच्या शुक्रवारी स्वतःचा सामना जिंकलेला प्रशिक्षकसुद्धा दुसऱ्याच मैदानावरचा निकाल फोनवर बघत उभा असतो.

२०२२ मध्ये डॅलसच्या दक्षिणेकडच्या ११-६ए, म्हणजे ६ए मधल्या अकराव्या, डिस्ट्रिक्टमधून डंकनव्हिल हायस्कूल डिव्हिजन वनमध्ये गेलं आणि डिसोटो टूमध्ये. दोघंही आपापल्या डिव्हिजनमध्ये राज्यविजेते झाले. २०२३ मध्ये दोघांनी तेच पुन्हा केलं. साखळीत ते एकमेकांशी भिडले होते. बाद फेरीत गाठ पडणं शक्यच नव्हतं, कारण डंकनव्हिलचा पट मोठा. 'राज्यात नंबर एक कोण' हा वाद मग चहाच्या टपरीसारखा चालू राहतो. इथे टपरीच्या जागी डोनटचं दुकान, एवढाच फरक.

(दृश्य: टेक्ससचा नकाशा. पश्चिमेकडून पूर्वेकडे आकडे उमटत जातात.)

आता नकाशा. क्रमांक साधारण पश्चिमेकडून सुरू होतात. ६ए मधला पहिला डिस्ट्रिक्ट म्हणजे एल पासो, मेक्सिकोच्या सीमेवर. ह्यूस्टनमध्ये डिस्ट्रिक्ट आखणं सोपं, अर्ध्या तासाच्या अंतरात आठ शाळा सापडतात. पश्चिमेत एवढ्या मोठ्या शाळा आहेतच मोजक्या, आणि त्यांच्यामध्ये तेलविहिरी आणि ओसाड माळ. बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात एल पासोच्या संघाची गाठ ओडेसा-मिडलंडकडच्या संघाशी पडते. अंतर साडेचारशे किलोमीटर. वर घड्याळही बदलतं, कारण एल पासो एक तास मागे आहे. 'साडेसातला सामना' म्हटलं की कोणाचे साडेसात, हे आधी विचारून घ्यावं लागतं. सामना कुठे, यावर दोन प्रशिक्षकांचं जमलं नाही तर नाणं उडवतात.

प्रवास फक्त शुक्रवारच्या मुख्य संघाचा नसतो. नववीचा आणि ज्युनिअर संघ बहुधा गुरुवारी त्याच वाटेने जातो. बँडच्या बस वेगळ्या, साहित्याचा ट्रेलर वेगळा. शाळा तक्रार करतात ती याची: डिझेल, चालकाचे तास आणि बुडालेले वर्ग.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला यादी जाहीर होते. २०२४ मध्ये ती १ फेब्रुवारीला, गुरुवारी आली. त्या सकाळी प्रशिक्षक विभागीय शिक्षण सेवा केंद्रांत जमतात. यादी हातात पडताच धावपळ सुरू होते, कारण डिस्ट्रिक्टबाहेरचे सामने ज्याचे त्याने जमवायचे असतात.

इथे गणित आडवं येतं. नियमित हंगाम अकरा आठवड्यांचा, सामने दहा. डिस्ट्रिक्टमध्ये नऊ शाळा असल्या तर विषम संख्येमुळे दर आठवड्याला एकाला सुट्टी. साखळीला नऊ आठवडे लागतात, प्रत्येकाचे आठ सामने होतात, बाहेरच्यांसाठी दोनच आठवडे उरतात. सहा शाळा असतील तर साखळीत पाच सामने आणि बाहेरचे पाच शोधायचे. या सहा शाळांच्या डिस्ट्रिक्टवाल्याची खरी पंचाईत होते. त्याला सप्टेंबरच्या अखेरीस प्रतिस्पर्धी हवा असतो आणि तेव्हा नऊवाले आपापल्या साखळीत अडकलेले असतात. उरतात ते त्याच्यासारखेच लहान डिस्ट्रिक्टवाले, तेही दोनशे किलोमीटरवर. हुशार प्रशिक्षक यादी येण्याआधीच तोंडी करार करून ठेवतात: 'तिसरा आठवडा मोकळा निघाला तर तुमच्याकडे.' दुपारपर्यंत चांगले प्रतिस्पर्धी संपलेले असतात.

डिस्ट्रिक्ट पटला नाही तर अपील करता येतं. सोडायच्या आणि जायच्या अशा दोन्ही डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या शाळा राजी असतील तर काम सोपं. पण ज्यांच्या अंगणात बलाढ्य संघ येऊ घातलाय ते कशाला हो म्हणतील? मग यूआयएलच्या समितीपुढे जायचं. तिथे अंतर आणि बुडणारे वर्ग हे मुद्दे घेऊन जावं. 'समोरचे फार तगडे आहेत' हा मुद्दा घेऊन जाऊ नये.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. डिस्ट्रिक्ट ही फक्त गुणतक्ता नाही, ती पंचायतही आहे. सदस्य शाळांच्या प्रतिनिधींची समिती बरोबरी कशी सोडवायची ते ठरवते आणि शाळा बदलून आलेला मुलगा खेळू शकतो की नाही यावरही मत देते. म्हणजे तुमच्या नव्या क्वार्टरबॅकचा निवाडा करायला तुमचेच प्रतिस्पर्धी बसलेले. अपात्र मुलगा खेळवल्याचं निघालं तर जिंकलेले सामने हातचे जातात.

बरोबरीचा सगळ्यांत प्रसिद्ध किस्सा १९८८ चा. ओडेसाची पर्मियन, मिडलंड ली आणि मिडलंड हाय, तिघांची बरोबरी झाली. तेव्हा डिस्ट्रिक्टमधून दोनच संघ पुढे जायचे. पहाटे मिडलंडच्या एका ट्रक स्टॉपवर नाणी उडवली गेली आणि मिडलंड हाय घरी बसली.

(दृश्य: माळरानावरचं छोटं मैदान. भोवती उभे पिकअप ट्रक, दिवे मैदानाकडे वळवलेले.)

उतरंडीच्या तळाशी १ए आहे. तिथे अकरा मुलं जमवणं अवघड, म्हणून सहा जणांचा फुटबॉल. हा प्रकार १९३४ मध्ये नेब्रास्कात निघाला आणि १९३८ मध्ये टेक्ससला आला. मैदान ८० यार्ड लांब, ४० रुंद. चेंडू आपल्याकडे राखायला अकरा जणांच्या खेळातल्या दहाऐवजी पंधरा यार्ड पुढे सरकावं लागतं. चेंडू सहाही जण झेलू शकतात. मध्यंतराला किंवा त्यानंतर ४५ गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच संपतो. पटाचा फरक इथे सगळ्यांत जास्त बोचतो. तीन हजारांच्या शाळेत पन्नास मुलं कमी झाली तर कळतही नाही. साठांच्या शाळेतून दोन कुटुंबं दुसऱ्या गावी गेली की पुढची फळी उभी करायलाही माणसं उरत नाहीत.

पट म्हणजे ताकद नव्हे, हा आक्षेप जुना आहे आणि तो खरा आहे. दोन शाळांत अडीच-अडीच हजार मुलं असतील. एका गावात सातवीपासून खेळाचं खासगी प्रशिक्षण आणि व्यायामशाळा, दुसऱ्या गावात मुलगा संध्याकाळी कामावर जातो. आकडा दोघांना सारखंच मोजतो. इंडियानाने यावर उपाय म्हणून सतत जिंकणाऱ्या शाळेला वरच्या गटात ढकलायला सुरुवात केली. मिनेसोटात सवलतीच्या जेवणाला पात्र असलेल्या मुलांच्या प्रमाणात पट कमी धरतात. टेक्ससने पट आहे तसाच ठेवला. हिशेब सोपा आणि वादाला जागा कमी, हे त्याच्या बाजूने म्हणता येतं. पण २२८० पटाची गरीब शाळा पाच हजारांच्या श्रीमंत शाळेसमोर बाद फेरीत येऊ नये म्हणून या पद्धतीत डिव्हिजनच्या वाटणीपलीकडे काहीही नाही, आणि ती वाटणीसुद्धा तिच्याबरोबर कोणत्या तीन शाळा पात्र ठरतात यावर अवलंबून.

(दृश्य: रात्र. सामना संपलेला. बसमध्ये हेल्मेटच्या पिशव्या चढवल्या जात आहेत.)