वडिलांचं नाव काय?

नमस्कार श्रोतेहो. परदेशी जाणाऱ्या पोरांच्या कागदांबद्दल बोलूया. आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात एकाच घरात तीन भाषांचे कागद. आजोबांचा दाखला मराठी, कारण १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात. बापाचा उतारा कन्नड. नातवाचं मार्कलिस्ट इंग्रजी. त्या जुन्या दाखल्यांवरचं अक्षर काय सुरेख हो! आताचे प्रिंट दोन पावसाळे टिकत नाहीत. असो.

माझ्या आतेबहिणीचा मुलगा ऑस्ट्रियाला शिकायला गेला. जन्मदाखल्यात पोराच्या नावाचा रकाना कोरा, म्हणून सोबत मराठी शाळेचा दाखला जोडला. वडील तो लहान असतानाच वारलेले, तेव्हा गुरुजींनी वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ घातलेलं. कोर्टासमोरच्या टायपिस्टनं इंग्रजी करताना ते तसंच उतरवलं: के, ए, आय. टिंब गायब. वर नोटरीचा लालभडक शिक्का. आम्ही खूश!

आता गंमत अशी, की तिथल्या जर्मन भाषेत ‘काय’ हे पुरुषाचं नाव असतं. स्पेलिंगही तेच. तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "तुझ्या वडिलांचं नाव काय?" इंग्रजीत हो, पण शेवटी कागदावरचं ‘काय’च! पोरगं चमकलं, बाईंना मराठी येतं की काय! त्यानं नाव सांगितलं. बाई पासपोर्ट बघून म्हणाल्या, "मग हा काय कोण?"

तर श्रोतेहो, नोटरी सही-शिक्का बघतो, भाषांतर बरोबर आहे का ते बघत नाही. अपोस्टिलचंही तेच. आपला कागद परदेशात चालावा म्हणून १९६१ च्या हेग कराराचं हे प्रमाणपत्र, आपल्याकडं २००५ पासून लागू. आधी राज्याच्या खात्याची सही, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. दुबईला ते चालत नाही, तिथं वकिलातीचा शिक्का लागतो. भाषांतर इथलं चालेल की त्या देशाच्याच शपथबद्ध भाषांतरकाराचं हवं, हे आधी विचारून घ्या. पुन्हा सांगतो, शिक्का सहीचा असतो, मजकुराचा नाही. मजकूर तुम्हीच वाचायचा, पासपोर्ट शेजारी ठेवून, अक्षर अन् अक्षर.

आमचं नवं भाषांतर पोचायला दीड महिना गेला. तोवर त्या बाई दिसल्या की हसून म्हणायच्या, "काय?" आणि हा म्हणायचा, "काही नाही."