लग्नपत्रिकेवरची शिरोरेषा तोडू नका! | मराठी फॉन्ट, कागद आणि प्रेसमध्ये काय सांगायचं

नमस्कार मंडळी! तुळशीचं लग्न झालं की दरवर्षी कमेंट बॉक्समध्ये एकच प्रश्न येतो, ताई पत्रिकेसाठी मराठी फॉन्ट कुठला घेऊ. आणि सोबत कुणीतरी असतंच की आता व्हॉट्सॲपवर पीडीएफ जातं, कागदाची पत्रिका कशाला. त्याचं उत्तर आधी देते. पहिली पत्रिका आपण देवापुढे ठेवतो, कोपऱ्यांना हळदकुंकू लावतो, ते फोनच्या स्क्रीनला लावता येतं का? माझ्या मावशीकडे तिच्या सासूबाईंच्या लग्नाची पत्रिका आहे, एकाच रंगात छापलेली, घडीवर विरलेली, पण आजही प्रत्येक नाव वाचता येतं. आणि तारखा फोनमध्ये दिसत असताना आपल्याकडे अजून कालनिर्णय भिंतीवर असतं, १९७३ पासून. जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केलं, आणि आपण त्यावर दुधाचा हिशोब लिहितो, गॅस कधी लावला ते लिहितो, पान उलटून मागचं वाचतो. कागद हाताळायला आवडतो आपल्याला, एवढं पुरे आहे मला.

कागदाचं पटकन सांगते कारण ते सोपं आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. झेरॉक्सचा कागद ७० किंवा ८० जीएसएम असतो. ए४ हा चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणजे ८० जीएसएमचं एक पान ५ ग्रॅमचं. पत्रिकेला २५० ते ३०० जीएसएम घ्या, आणि घडी असेल तर प्रेसमध्ये क्रीज, म्हणजे घडीच्या जागी दाबून पाडलेली खाच, मारून मागा, नाहीतर घडीवर रंग फाटतो. गिरगावात खाडिलकर रोडला जा, नमुने हातात घेऊन बघा, स्क्रीनवर कागद निवडू नका. झालं.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ करतेय तो मुद्दा. शिरोरेषा.

गेल्या सीझनला तुम्ही जे डिझाइन मला तपासायला पाठवले ना, त्यात सगळ्यात जास्त दिसलेली गोष्ट ही, की नावाची अक्षरं सुटी सुटी. वर रेषाच नाही, नुसते तुकडे. कसं होतं हे? तुम्ही ॲपमधलं तयार टेम्प्लेट घेता, ते बनवलेलं असतं इंग्रजीसाठी. इंग्रजीत नावं कॅपिटलमध्ये लिहून अक्षरांत मोकळी जागा सोडली की छान दिसतं, म्हणून त्या टेम्प्लेटला लेटर स्पेसिंग आधीच दिलेलं असतं. तुम्ही त्याच बॉक्समध्ये मराठी नाव पेस्ट करता आणि सेटिंग तसंच राहतं. आपल्या फॉन्टमध्ये शिरोरेषा म्हणजे ओळीवर वेगळी मारलेली रेघ नसते, प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं आणि तो शेजारच्या तुकड्याला टेकलेला असतो. जागा वाढवली की तुकडे वेगळे. म्हणून बॉक्स सिलेक्ट करा, लेटर स्पेसिंग शून्य करा. काही प्रोग्रॅममध्ये त्याला ट्रॅकिंग म्हणतात, तेही शून्य. नाव मोठं दिसायला हवंय? साइज वाढवा, जाड वजनाचा फॉन्ट घ्या, आजूबाजूला कोरी जागा सोडा. अक्षरं एकमेकांपासून लांब करू नका.

यावर एकांनी लिहिलं होतं की मी स्पेसिंगला हातच लावला नाही तरी रेषा तुटली. मग तुम्ही ओळ दोन्ही बाजूंनी ताणून बसवली असणार. निमंत्रणाचा मजकूर चौकोनात नीट बसावा म्हणून जस्टिफाय करतात, आणि काही प्रोग्रॅम शब्दांमधली जागा पुरली नाही की गुपचूप अक्षरांमधली जागा वाढवतात. त्यात आपल्या पत्रिकेत ओळीत तीन-चारच शब्द, चि. सौ. कां. आणि नाव, ते ताणून काय होणार? पत्रिकेचा मजकूर मध्यावर घ्या, सेंटर. पिढ्यान्‌पिढ्या तसाच छापतायत आणि तो तसाच शोभतो.

तिसरी जागा, कमान. गणपतीच्या डोक्यावर गोलाकार श्री गणेशाय नमः हवं असतं सगळ्यांना, मलाही आवडतं. पण मजकूर वक्र रेषेवर चढवला की प्रोग्रॅम एकेक अक्षर वेगळं फिरवतो. खाली अक्षरं जवळ येतात आणि वर, म्हणजे नेमकी शिरोरेषेपाशी, फाकतात. तिथे स्पेसिंग शून्य असूनही फट दिसणारच. उपाय असा की आधी मजकूर सरळ ओळीत लिहायचा, तो कर्व्ह करायचा, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराचं चित्राच्या आकारात रूपांतर करायचं, सगळी अक्षरं एकत्र जोडून घ्यायची आणि मग पूर्ण आकार वॉर्पने, म्हणजे आकार वाकवायच्या टूलने, वाकवायचा. मग रेषा अखंड वाकते. अक्षरांना बाहेरून सोनेरी बॉर्डर देणार असाल तरी हे जोडून घेणं आधी करा, नाहीतर प्रत्येक जोडावर उभी चीर दिसते. फॉइलमध्ये, म्हणजे चमकत्या पन्नीच्या छपाईत, तर ती चीर चमकते.

आता म्हणाल एवढं काय त्या रेषेचं. निर्णयसागरचं एखादं जुनं पुस्तक हातात घेऊन बघा. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ मध्ये तो छापखाना काढला. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईचे टाइप, एकेक अक्षर तुकड्यातुकड्यांनी जुळवायचं, मात्रा वेलांट्या वर बसवायच्या, आणि तरी रेषा सलग लागायची कारण जुळारी त्यावर जीव लावून काम करायचे. आपल्या हातात फोन आहे, एक आकडा शून्य करायचाय. मला खरंच राग येतो हो, मुलीचं नाव इतक्या हौसेने ठेवायचं आणि तिच्या लग्नाच्या पत्रिकेवर ते मोडकं छापायचं.

शिरोरेषा नसलेली मराठी अक्षरं वाईट असतात असं मी म्हणत नाहीये, ही कमेंट येणार मला माहितीय. अक्षरकार कमल शेडगेंनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नावं आठवा, नुसतं अक्षर बघून नाटकाचा स्वभाव कळायचा. तिथे रेषा ठेवायची, वाकवायची की काढायची हे त्यांनी हाताने, विचार करून ठरवलेलं. मोडी लिपीत तर आधी पूर्ण ओळभर रेघ मारायची आणि मग अक्षरं तिला लटकवायची, शब्द तोडायचेच नाहीत. सगळी रेषा ठेवा किंवा सगळी काढा, दोन्ही चालेल. अर्धी तुटलेली चालणार नाही.

बरं, फॉन्ट कुठला. फुकट आणि चांगले हवेत तर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बालू बघा, गुगल फॉन्ट्सवर आहेत. मजकुराला मुक्त, बालू मोठ्या नावाला, हळदीच्या किंवा बारशाच्या कार्डावर तर फारच गोड दिसतो. पारंपरिक हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे मिळतात, पाकळीचा ल, देठाचा श. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हेच आकार आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल आधी येतो, आणि शीतल, शैलेश अशा नावांत तो डोळ्यांना खटकतो, निदान मला खटकतो. आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, आपल्याकडे वर रफार-वेलांटी आणि खाली उकार असतात, ते एकमेकांत घुसतात.

प्रेसमध्ये देताना. अजून कितीतरी डीटीपीवाले, म्हणजे प्रेससाठी मजकूर टाइप करून पान लावणारे, युनिकोड नसलेले जुने फॉन्ट वापरतात, ज्यांत फोनवरचा मराठी मजकूर थेट चालत नाही, त्यामुळे तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर ते परत टाइप करतात, आणि तिथे आशीर्वादचं आर्शिवाद होतं. माझ्या ओळखीतल्या एका घरात कुलदैवताचं नाव चुकून छापून आलं, पाकिटांसकट सगळं वाया गेलं, आजी रडल्या. म्हणून डिझाइन तुमचं असेल तर कर्व्ह करून पीडीएफ द्या, म्हणजे कुणाला टाइपच करायला नको. आणि त्यांच्याकडून करून घेत असाल तर प्रूफ, म्हणजे तपासायची नमुना प्रत, कागदावर मागा, घरातल्या दोघांना मोठ्याने वाचायला लावा, एकाने शेवटून पहिल्या शब्दाकडे वाचायचं. नावं, तिथी, वार आणि तारीख जुळतायत का, सभागृहाचा पत्ता. सही करून मगच छपाई.

शेवटची एक कमेंट, फोटोशॉपमध्ये ‘ि’ अक्षराच्या नंतर जातो आणि जोडाक्षरं फुटतात. हा फॉन्टचा दोष नाही. फोटोशॉप २०२२ च्या आधीचं व्हर्जन असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपमध्ये जा, वर्ल्ड रेडी लेआउट निवडा, त्याहून जुन्या व्हर्जनमध्ये त्याचं नाव मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं दिसेल, प्रोग्रॅम बंद करून उघडा आणि नवीन फाइल घ्या. जुन्या फाइलमधला मजकूर तसाच फुटका दिसला तर पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत जाऊन तिथेही वर्ल्ड रेडी करा. तरीही झालं नाही तर कमेंटमध्ये व्हर्जन लिहा, नुसतं होत नाहीये असं लिहू नका, मग मला सांगता येत नाही.