जांभळीची बी, जांभळे द्रावण आणि तिसावी पोटेन्सी

(दृश्य : सावंतवाडीचा बाजार. पानांच्या द्रोणांत मांडलेली जांभळे.)

मे महिना सरत आला, की सावंतवाडीच्या बाजारात जांभळांचे द्रोण दिसू लागतात आणि पाऊस एकदा नीट लागला, की तितक्याच झटकन दिसेनासे होतात. फळ खाऊन झाल्यावर बी न टाकता ती उन्हात वाळवून, कुटून डब्यात भरून ठेवणारी घरे कोकणात अजूनही आहेत. हीच बी होमिओपॅथीच्या दुकानात ‘सिझिजियम जांबोलॅनम’ या भारदस्त नावाने, मद्यार्कात मुरवलेल्या तपकिरी अर्काच्या रूपात मिळते. या अर्काला मदर टिंक्चर म्हणतात. मधुमेहावरील त्याच्या उपयोगाची चर्चा आपण येथे करणार नाही. होमिओपॅथिक औषधांत अँटिऑक्सिडंट गुण, म्हणजे मुक्त मूलक नावाच्या अतिक्रियाशील रेणूंना निवळवण्याचे गुण, आहेत असे प्रयोगशाळेच्या आधारे सांगितले जाते, तेव्हा नेमके काय मोजलेले असते, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

(दृश्य : प्रयोगशाळेतील ओटा. काचेच्या नळीत गडद जांभळे द्रावण.)

नळीतील या द्रावणाचा रंग जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा दिसत असला, तरी त्याचा जांभळाशी काही संबंध नाही. हे डीपीपीएच नावाचे रसायन आहे. त्याच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो, म्हणजेच तो एक मुक्त मूलक असतो. मात्र इतर मुक्त मूलकांसारखा तो क्षणात नाहीसा होत नाही, बाटलीत टिकून राहतो. अँटिऑक्सिडंट पदार्थाने त्याला हायड्रोजन पुरवला, की जांभळा रंग उतरतो आणि द्रावण फिकट पिवळे होते. ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला, हे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजले, की रंग किती उतरला ते आकड्यात मिळते. मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलेली ही पद्धत स्वस्त आणि सोपी असल्यामुळे महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही सर्रास वापरली जाते.

आता या द्रावणात जांभळीच्या बियांचे मदर टिंक्चर थेंबाथेंबाने सोडले जात आहे. जांभळा रंग आधी मळकट होतो, मग पिवळ्याकडे झुकतो. यात नवल काहीच नाही. जांभळीच्या बीत गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल आणि टॅनिने भरपूर असतात. बी चावली तर तोंडाला जो तुरटपणा येतो, तो याच टॅनिनांचा. एक खबरदारी मात्र येथेच घ्यावी लागते. टिंक्चर स्वतः तपकिरी असल्यामुळे तेही थोडा प्रकाश शोषते, म्हणून डीपीपीएच न घालता नुसत्या टिंक्चरचे वाचन वेगळे घेऊन ते वजा करावे लागते. हे सर्व काटेकोरपणे केल्यावर जे सिद्ध होते, ते वनस्पतीच्या अर्काचे रसायन असते. त्यावर होमिओपॅथीची चिठ्ठी लावली म्हणून ते होमिओपॅथीचे होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. या विषयावरचा कोणताही शोधनिबंध हाती आला, तर तपासलेली बाटली टिंक्चरची होती की पोटेन्सीची, म्हणजे तेच टिंक्चर पायरीपायरीने विरळ करून केलेल्या औषधाची, हे सर्वांत आधी पाहावे.

(दृश्य : ओळीने मांडलेल्या कुप्या. एकीतून दुसरीत द्रावण, मग झटके.)

कारण होमिओपॅथीचे वेगळेपण सुरू होते ते येथून. एक भाग द्रावण, नव्व्याण्णव भाग मद्यार्क, मग जोरदार झटके. ही झाली एक सेंटेसिमल, म्हणजे शंभरपट विरळ करणारी, पायरी; जितक्या पायऱ्या, तितक्या क्रमांकाची पोटेन्सी. अशा सहा पायऱ्या केल्या, की मूळ द्रव्य एक लाख कोटी पटीने विरळ होते. आपण हिशेबच करू. एक मिलिलिटर टिंक्चरमध्ये दहा मिलिग्रॅम गॅलिक आम्ल आहे असे मानले, तर सहाव्या पोटेन्सीच्या एका मिलिलिटरमध्ये त्याचे सुमारे साडेतीन कोटी रेणू उरतात. साडेतीन कोटी ही संख्या ऐकायला मोठी वाटते खरी. पण समोरच्या नळीत, तीन मिलिलिटर सौम्य द्रावणातसुद्धा, डीपीपीएचचे सुमारे अठरा कोटी अब्ज रेणू असतात. म्हणजे गॅलिक आम्लाच्या एकेका रेणूच्या वाट्याला पाच अब्ज रेणू आले, आणि प्रत्यक्षात तो निवळवू शकतो ते मोजके. बाराव्या पोटेन्सीला तर मूळ द्रव्याचा एक रेणू सापडायला सुमारे २८ लिटर औषध चाळावे लागेल. तिसावी पोटेन्सी त्याच्याही अठरा पायऱ्या पुढे आहे.

तरीही एखाद्या प्रयोगात तिसाव्या पोटेन्सीने परिणाम दाखवला, तर काय समजायचे? आधी मद्यार्काकडे पाहायचे. हायड्रॉक्सिल मूलकांना इथेनॉल स्वतःच टिपते. त्यामुळे त्या मूलकांवर आधारलेल्या चाचणीत औषधाचा म्हणून जो परिणाम दिसतो, तो निव्वळ मद्यार्काचा असू शकतो. म्हणून तुलनेची कुपी नुसत्या पाण्याची असून भागत नाही. तोच मद्यार्क, तितक्याच पायऱ्या, तितकेच झटके, फक्त सुरुवातीला जांभळीची बी नाही, अशी ती असावी लागते.

मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१० साली सोने, तांबे, कथील, जस्त, चांदी आणि प्लॅटिनम यांपासून केलेल्या, बाजारात मिळणाऱ्या औषधांच्या ३० आणि २०० पोटेन्सींतही त्या धातूंचे नॅनोकण आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्या निष्कर्षाचा आधार पुष्कळदा घेतला जातो. पण धातूचा कण आणि मद्यार्कात विरघळलेला गॅलिक आम्लाचा रेणू यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. शिवाय कण सापडणे ही एक गोष्ट आणि त्याने मुक्त मूलक निवळवणे ही दुसरी.

नळीत मिळालेले उत्तर शरीराला जसेच्या तसे लागू होत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. बीटा-कॅरोटिन हा नावाजलेला अँटिऑक्सिडंट. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले, तेव्हा तो घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला.

(दृश्य : क्रमांक लावलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या कुप्या.)

१९८८ साली फ्रान्समधील जॅक बेनव्हेनिस्ट यांनी अतिविरल द्रावणाचाही पेशींवर परिणाम होतो, असा निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर ‘नेचर’च्या संपादकांसह तिघांचे पथक त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. कोणत्या नळीत काय आहे हे प्रयोग करणाऱ्यांपासून लपवल्यावर तो परिणाम दिसला नाही.

म्हणूनच या ओट्यावरील कुप्यांवर केवळ क्रमांक आहेत. टिंक्चर तपकिरी रंगावरून ओळखू येते, म्हणून ते या ओळीत ठेवलेलेच नाही. सहावी, बारावी, तिसावी पोटेन्सी आणि झटके दिलेला साधा मद्यार्क तेवढा आहे. कोणत्या क्रमांकाला काय, हे लिहिलेला कागद बंद पाकिटात, प्रयोगाशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे दिलेला आहे, आणि शेवटच्या नळीचे वाचन वहीत उतरवून त्याखाली सही झाल्याशिवाय ते पाकीट या खोलीत येणार नाही.